पिपरबोडीचा गाळ

पूर्वी मार्च महिना आला की नागपूरच्या राज्य वन्यजीव निधी मंडळात माणसं जेवणाचा डबा उघडायची आणि जेवायचं विसरायची. वर्षभर 'येतोय, येतोय' म्हणत वाट पाहायला लावणारा निधी नेमका मार्चच्या अखेरीस येऊन दारात उभा राहायचा, आणि महिना संपायच्या आत खर्ची पडला नाही तर आल्या पावली परत जायचा. मग एकच पळापळ. कुणी फलक रंगवून घ्यायचं, कुणी गणवेश शिवून घ्यायचं. वाघाच्या पैशातून टेबलं यायची आणि टेबलांच्या पैशातून वाघाच्या पाणवठ्यावर टँकर जायचा. यात खाबूगिरी असायचीच असं नाही हो! बहुतेक वेळा नसायचीच. काम तर व्हायलाच हवं, पैसाही आहे, फक्त तो भलत्याच नावाच्या खणात पडलाय. मग काढा या खणातला आणि टाका त्या कामाला. या खणांना मंडळात 'हेड' म्हणत. "मॅडम, हे कोणत्या हेडला टाकू?" हा प्रश्न लेखाधिकारी हेमलता डोंगरवार यांनी अख्ख्या नोकरीत जितक्यांदा ऐकला, तितक्यांदा स्वतःचं नाव ऐकलं नसेल.

यंदाचा मार्च मात्र निवांत होता. कारण आता पैसे माणसं वाटत नव्हती, आत्याबाई वाटत होती.

आत्याबाई म्हणजे संगणकप्रणाली. कागदोपत्री तिचं नाव 'संतुलन'. पण ती सगळ्यांना शहाणपण शिकवायची, कुणाचं ऐकून घ्यायची नाही, आणि वर पुन्हा बरोबरच निघायची, म्हणून ऑफिसनं तिचं बारसं नव्यानं केलं होतं. पहिली दोन वर्षं तिच्याकडे फक्त जंगलं होती. यंदा पहिल्यांदाच राज्यातले तलाव आणि पाणथळी तिच्या हाती गेल्या होत्या.

वाटपाची यादी पडद्यावर उमटली तेव्हा हेमलतानं चहाचा कप बाजूला ठेवला आणि सगळ्यात आधी गोंदिया जिल्हा उघडला. माहेर होतं ना तिचं! पिपरबोडी गावच्या तलावाची ओळ सापडली. 'सारस घरटी संरक्षण : शून्य.' त्याखाली 'गाळ काढणे : मागील वर्षाच्या चौपट. काळ : जुलै ते ऑक्टोबर.'

तिला आधी वाटलं, ओळी खालीवर झाल्या. मग तिनं प्रत्येक आकड्याखाली आत्याबाई लिहायची ते कारण वाचलं. 'गेल्या बारा वर्षांत सारस संवर्धनावरील खर्चाचा सारसांच्या संख्येवर कोणताही परिणाम आढळला नाही. गाळ काढण्यावरील खर्चाचा परिणाम अत्यंत अनुकूल. पावसाळ्यात काढलेला गाळ विशेष परिणामकारक.'

"अरे देवा," हेमलता एकदम मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर करून पाहिलं. या दोन ओळी कुठून आल्या हे मंडळात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आत्याबाई काम कशी करायची ते सांगायला हवं. कोणताही जीव पाण्यात उतरला की आपलं काहीतरी मागे ठेवून जातो. पिसाचा कण, कातडीचा कोंडा, लाळ, विष्ठा. त्या कणाकणात त्या जातीचा डीएनए असतो. राज्यातल्या तलावांत कैक वर्षांपासून खुर्चीएवढ्या तरंगत्या पेट्या सोडलेल्या होत्या. पेटी पाणी ओढायची, बारीक गाळणीतून गाळायची, अडकलेला डीएनए वाचायची आणि कळवायची, की आज इथे पाणमांजर येऊन गेलं, बदकं कमी झाली, सारसाचा अंश वाढला. ऊन आणि जिवाणू मिळून हा डीएनए पाण्यात थोड्या दिवसांत नासवून टाकतात. म्हणून जे सापडेल ते ताजंच, असा हिशेब.

हे झालं मोजणं. खरी करामत पुढची. धानाच्या एका बांधीत, म्हणजे खाचरात, खत घातलं, शेजारच्या बांधीत नाही घातलं आणि दोन्हीकडचं धान मोजलं, तर खतानं काय केलं ते कळतं. आत्याबाई हेच करायची, फक्त एकाच वेळी राज्यभर. कुठल्या वर्षी, कुठल्या ठिकाणी, कुठल्या हेडखाली किती पैसा पडला आणि त्यानंतर तिथले जीव वाढले की घटले, हे शेजारी शेजारी ठेवून ती विचारायची, की हा रुपया दिला नसता तर काय झालं असतं? ज्या रुपयानं काही घडत नाही तो उचलायचा आणि ज्यानं घडतं तिथे नेऊन ठेवायचा. बारा वर्षांचे हिशेब तिला पोटभर खाऊ घातले होते, आणि ते खाऊ घालणारी बाई होती हेमलता. त्याबद्दल तिला शाल-श्रीफळही मिळालं होतं.

आणि खोटं कशाला बोला, जंगलांत आत्याबाईनं सोनं केलं. एका मंत्र्यांच्या लाडक्या सफारीला तिनं शून्य रुपये दिले आणि कुणाला कधी आठवले नव्हते त्या रानपिंगळ्यांना भरभरून दिले. मंत्री आदळआपट करून थकले. प्रणालीला कुलूपच तसं होतं. पाच वर्षांच्या आढाव्यापर्यंत कुण्या साहेबाला, कुण्या पुढाऱ्याला आत हात घालता येणार नाही, असा करार. त्या कलमाला सभेत सगळ्यात जोरात टाळ्या हेमलतानंच वाजवल्या होत्या.

आता पिपरबोडीचं ऐका. सारस म्हणजे माणसाएवढा उंच, तांबड्या डोक्याचा पक्षी. जोडीनं राहतो. ऐन पावसाळ्यात तलावाच्या उथळ काठाला, देवधान म्हणतात त्या आपोआप उगवणाऱ्या रानभातात, गवताचा ढीग रचून दोन अंडी घालतो. कुत्री, पोरंटोरं, आणि धान तुडवतात म्हणून चिडलेले शेतकरी, सगळेच त्या अंड्यांवर टपलेले. हेमलताचा थोरला भाऊ हिरामण परशुरामकर यानं गावातले पाचसहा गडी जमवून बारा वर्षांपूर्वी राखण सुरू केली. जुलै ते ऑक्टोबर, पाळीपाळीनं, काठावर मचाण बांधून. एका जोडीच्या तीन झाल्या होत्या.

या गड्यांना मजुरी द्यायची ती पावसाळ्यात. सारसांचं हेड भरायचं मार्चमध्ये, घरटी रिकामी होऊन महिने उलटल्यावर. त्या पैशातून मग फलक, टोप्या आणि एक सारस महोत्सव. पावसाळ्यात ज्या एकाच हेडला पैसा शिल्लक असायचा ते म्हणजे गाळ काढणे. उन्हाळ्यात काम अर्धवट सुटायचं ना. तेव्हा राखणदारांची मजुरी त्यात. हिरामणच्या नावापुढे हजेरीपटावर 'गाळ काढणे'. ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेल्या तलावातून हे गडी गाळ कसा काढतात, असं बारा वर्षांत एकाही तपासनिसानं विचारलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊकच होतं, विचारतो कोण!

आत्याबाईला ठाऊक नव्हतं. तिला जे सांगितलं ते तिनं खरं मानलं.

हेमलता तशीच उठून संचालकांकडे गेली. केळशीकर साहेब भला माणूस. कोकणातून येऊन सारी नोकरी विदर्भाच्या जंगलात काढलेला, निवृत्तीला टेकलेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले.

"म्हणजे बारा वर्षांची उपयोगिता प्रमाणपत्रं खोटी होती, असं मी लिहून द्यायचं?"

"खोटी नाही सर. पैसा सारसांवरच गेला. नाव चुकीचं पडलं."

"डोंगरवार मॅडम, प्रमाणपत्रावर नावच तर असतं. 'ज्या कामासाठी दिला त्याच कामासाठी खर्च झाला,' याखाली माझी सही आहे, माझ्या आधीच्या दोघांची आहे, तुमचीही आहे. एक पिपरबोडी उघडली की राज्यभराचं उघडेल. केंद्राचा निधी दुसऱ्या दिवशी थांबेल. मग सारसांनाही नाही आणि वाघांनाही नाही."

"मग काय गाळ उपसायची यंत्रं घालायची घरट्यावर? ऐन पावसाळ्यात?"

केळशीकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मी तुम्हाला अडवत नाही," ते म्हणाले. "प्रणालीकडे निवेदन पाठवायची सोय आहे. तुमच्या नावानं पाठवा. मी पाहिलं नाही असं समजेन."

साहेबांनी कानावर हात ठेवले म्हणून हेमलताला राग आला, पण मनातल्या मनात तिला हेही कळत होतं की त्यांच्या खुर्चीत ती असती तर तिनंही हेच केलं असतं. तिनं निवेदन लिहिलं. हातचं काही राखलं नाही. कुठल्या वर्षी कुठला खर्च खरं तर कशासाठी होता, सारं सविस्तर. आणि ते पाठवून तिनं पुण्याला डॉक्टर रेहाना इनामदारांना फोन लावला. आत्याबाई घडवणाऱ्या चमूची ही प्रमुख. करारापासून दोघींची ओळख होती, चांगलं जमायचं.

"आलंय तुमचं निवेदन," रेहाना म्हणाली. "आणि ताई, माझा तुमच्यावर शंभर टक्के विश्वास आहे. पण माझ्या विश्वासाचं काही नाही. प्रणाली प्रत्येक नव्या माहितीला वजन देते. एकीकडे बारा वर्षांचे तपासलेले, सह्यांचे हिशेब. दुसरीकडे एका व्यक्तीचं म्हणणं, तेही आत्ता, वाटप जाहीर झाल्यावर. आणि..." ती अडखळली.

"बोला ना."

"तुम्ही ज्या राखणीसाठी पैसा मागताय, तिची सगळ्यात जास्त मजुरी ज्यांना मिळाली ते हिरामण परशुरामकर तुमचे सख्खे भाऊ आहेत. आडनाव वेगळं असलं तरी प्रणालीला नातं सापडतं. हितसंबंध. वजन जवळजवळ शून्यावर गेलंय."

हेमलताचे कान तापले. जन्मात कधी तिनं भावाला एक पैसा जास्तीचा दिला नव्हता. उलट बोभाटा नको म्हणून त्याची मजुरी सगळ्यांच्या मागाहून सोडायची.

"तुम्ही आतून दुरुस्त करा," ती म्हणाली. "तुम्ही बनवलीय ती."

"कुलूप आहे ताई. मी आत हात घातला तर उद्या मंत्रीही घालतील. तुम्हीच म्हणाला होतात सभेत, आठवतं?"

आठवत होतं. ते आठवायला नको होतं, इतकंच.

शेवटचा एक उपाय तिला सुचला. दर जूनमध्ये गावकरी पहाटे तलावांवर बसून सारस मोजायचे, ती गणना. माणसांनी डोळ्यांनी पाहिलेले आकडे भरले तर आत्याबाईला पुढे तरी ताळा लागेल. तिनं गणनेचं हेड शोधलं. त्यावरही शून्य होतं. कारण, 'पेट्यांमुळे अनावश्यक.'

जुलैत पहिल्यांदा हिरामणचा फोन आला.

"हेमा, काय लावलं हे तुमी? माह्या मोबाइलवर निरोप आला. म्हणते का, तुमचा गाळ काढण्याचा बारा वर्सांचा अनुभव पाहून तुमची मुकादम म्हून निवड झाली. रोजी पहिलेच्या तिप्पट!"

"दादा, जाऊ नको त्या कामावर."

"मी कायले जातो! पण बाकीचे गेले ना. दुर्वास गेला, ताराचंद गेला, आपली सारी राखण गेली. त्यायलेबी तसाच निरोप. राखणीचे पैसे बंद झाले म्हणते तर घरी बसून का खाईन मानूस? अन सरपंच तर नाचून रायला. तलाव खोल झाला का उन्हाळी धान निघते, गाळ फुकटात बांधीत पडते. मी नोको म्हणलं तर गाव माह्याच अंगावर येऊन रायलं."

"घरटं केलं का रे त्यांनी?"

"केलं ना. देवधानात, पूर्वेकडच्या काठाले. दोन अंडे आहेत." मग त्याचा आवाज खाली आला. "हेमा, तू आहेस ना तिथं. थांबव ना बाप्पा."

हे 'तू आहेस ना तिथं' हेमलताच्या जिव्हारी लागलं. नागपूरला नोकरी लागली तेव्हापासून सारं माहेर तिच्याकडे याच भरवशानं पाहत आलं होतं. तिनं तिथल्या रेंजरला फोन केला. सारसाच्या घरट्याला धक्का लावणं हा गुन्हा आहे, काम थांबवा, असं निक्षून सांगितलं.

रेंजर तोंडभर 'मॅडम, मॅडम' करत होता. "मी कालच जाऊन आलो मॅडम. पण माझ्याकडे त्या तलावावर घरट्याची नोंदच नाही. नोंद घरटी संरक्षणाच्या माणसांनी करायची असते. ते हेड बंद आहे. नोंद नाही तर घरटं नाही, आणि काम तर आपल्याच मंडळाचं, सारसांसाठीचं! कोणत्या तोंडानं थांबवू सांगा?"

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलं ना घरटं?"

"पाहिलं मॅडम," तो म्हणाला.

हेमलता रजा टाकून पिपरबोडीला पोचली तोवर पूर्वेकडचा काठ संपला होता. तलावात तराफ्यावर बसवलेला ड्रेजर, गाळ उपसायचं यंत्र, घरघरत होता. जाड नळीतून काळाकुट्ट चिखल काठावर येऊन पडत होता, आणि राखणीचे ते पाचसहा गडी, ज्यांनी कुत्री हाकलत पावसाळेच्या पावसाळे काढले होते, तोच चिखल फावड्यानं ट्रॉलीत भरत होते. तिला पाहून दुर्वासनं मान फिरवली. ताराचंद कसनुसा हसला, म्हणाला, "कवा आलीस, बाई?"

देवधानाचा पत्ता नव्हता. यंत्राच्या नकाशावर जिथे वर्षानुवर्षं सारसाचा अंश सगळ्यात जास्त सापडला होता, तिथूनच खोदायला सुरुवात करायची सूचना होती. तो अंश जास्त होता कारण घरटं तिथं असायचं. ड्रेजर चालवणारा परप्रांतीय होता, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं गवताचा ढीग पाहिला, बाजूला लोटला आणि नळी खाली सोडली.

हिरामण दूर तलावाच्या पाळीवर, बांधावर, एकटाच बसला होता. हेमलता शेजारी जाऊन बसली. समोरच्या धानाच्या बांधीत सारसाची जोडी उभी होती. नर मान वर करून ओरडायचा, मादी साथ द्यायची, मग दोघंही पाण्याच्या कडेपर्यंत चालत यायची, आणि यंत्र जवळ आलं की मागे सरायची. पुन्हा यायची. हेमलताला बघवेना, पण नजरही काढता येईना.

"मी सगळीकडे सांगितलं दादा," ती म्हणाली. "साहेबाले, पुण्याले, रेंजरले. कोनी ऐकत नाई."

"तूच तर लिवलंस," हिरामण म्हणाला.

"काय?"

"बारा वर्सं हिरामण गाळ काढून रायला म्हून. तूच लिवलंस अन तूच सही केलीस. ते मशीन बिचारं काय करते? तुमी लिवलं, त्यानं वाचलं."

"तुमाले मजुरी वेळेवर भेटावी म्हून केलं रे मी! मार्चपर्यंत थांबले असते का तुमचे गडी?"

"मालूम आहे मले," तो म्हणाला. "म्हून तर तुले शिव्याबी देता येत नाई."

ती रडली. पंचावन्न वर्षांची बाई, चारचौघांच्या देखत, पाळीवर बसून हमसून हमसून रडली. हिरामणनं तिला उगी केलं नाही. तो त्या जोडीकडेच बघत होता. चारसहा दिवसांनी, त्यानंच फोनवर सांगितलं, जोडी उडून गेली. बाकीच्या दोन जोड्या तर यंत्राच्या आवाजानं आधीच निघून गेल्या होत्या.

हेमलतानं एक आशा धरून ठेवली होती. कडू आशा, पण आशा. आता पेटीत सारसाचा अंश शून्यावर येईल. आत्याबाईला कळेल, गाळ काढला आणि सारस गेले. माणसाचं ऐकत नाही ना, पाण्याचं तरी ऐकेल! निदान जिल्ह्यातले बाकीचे तलाव वाचतील. सारसांच्या आणखी जोड्या होत्या त्या तिथेच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिमाही अहवाल आला. केळशीकरांनी तिला आत बोलावलं. त्यांच्या चेहऱ्यावर तिला काय आहे ते कळेना. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

पिपरबोडी तलाव. सारस : आजवरचा उच्चांक. आलेखाची रेषा ऑगस्टपासून जी वर चढली होती ती खाली यायचं नाव घेत नव्हती.

"असं कसं होईल?" हेमलता म्हणाली. "एक पक्षी नाही तिथं. एकसुद्धा नाही!"

तिनं तिथूनच रेहानाला फोन लावला. रेहानानं आकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "गाळ."

"काय गाळ?"

"डीएनए पाण्यात नासतो ताई. पण जो तळाशी बसतो तो चिखलाला चिकटतो. तिथे ऊन नाही, हवा नाही. तिथे तो वर्षानुवर्षं टिकतो. पाऊस येतो तेव्हा वरचा पापुद्रा ढवळतो, तेवढ्याची वजावट आम्ही ठेवलीय. पण ड्रेजरनं पुरुषभर खोल ढवळलंय. कैक वर्षांचे सारस आहेत त्या पाण्यात. तुमच्या भावानं राखलेले, त्याच्या आधीचे, सगळे. पेटीला ते आजचेच वाटतात."

"मग हे तरी सांगा तिला! हे तर तुमचं शास्त्र आहे. माझ्या भावाचा यात काही संबंध नाही."

"सांगेन ना. आढाव्यात पहिला मुद्दा हाच मांडेन. शपथेवर सांगते. पण आढावा दोन वर्षांनी आहे. तोवर मलाही निवेदनच पाठवता येतं. आणि माझ्या निवेदनापुढे तिच्याकडे उच्चांक आहे."

केळशीकरांनी आदेशाची पुढची ओळ दाखवली. पिपरबोडी आदर्श तलाव घोषित. जिल्ह्यातल्या ज्या ज्या तलावावर सारस आहेत, त्या प्रत्येकावर हेच काम, याच हंगामात. निधी तातडीनं वितरित करण्यात यावा. खाली लेखाधिकाऱ्याच्या मंजुरीची चौकट.

"मी नाही करणार," हेमलता म्हणाली.

"नका करू," केळशीकर म्हणाले. "तीन दिवसांत मंजुरी आली नाही तर आली असं धरलं जातं. मार्चमध्ये पैसा अडकू नये म्हणून आपणच मागून घेतली होती ही सोय." ते खुर्चीत मागे टेकले. एकाएकी ते फार म्हातारे दिसले. "मला क्षमा करा मॅडम. मला खरंच काही सुचत नाही."

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली, तोच अहवाल आणि आदेश तिनं आपल्या पडद्यावर उघडला. मोबाइल वाजला. हिरामण.

"दादा, कसा आहेस?"

"मी मस्त. कामावर हावो. मुकादम झालो."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "तू गेलास?"

"काय करू मंग? पक्षी गेले. तिथं बसून कायची राखण करू, पान्याची? घरी तोंडं आहेत खाणारी." तो जरा थांबला. "काय म्हणते तुमची आत्याबाई?"

हेमलतानं पडद्यावरची ओळ वाचली. "म्हणते का, पिपरबोडीत सारस भरले. इतके कधीच नव्हते."

पलीकडे यंत्र घरघरत होतं.

"तिले म्हणा, मले एक दाखव," हिरामण म्हणाला.

हेमलतानं पडद्यावरचा आलेख मिटला.

"बरं, आयक ना," तो म्हणाला. आता त्याचा आवाज नेहमीसारखा झाला होता, कामाच्या माणसाचा. "इथलं काम शनवारी उरकते. हे पोरं माह्या मागं लागले, दुसऱ्या तलावाचं कवा निघते म्हून. तुले मालूम असंल. निघते का?"

पडद्यावर मंजुरीची चौकट उघडीच होती. खाली तलावांची नावं होती, ओळीनं. लहानपणी बाबांच्या सायकलवर बसून ती त्यातल्या बहुतेक तलावांवर गेली होती.

"निघते दादा," हेमलता म्हणाली. "सोमवारपासून."